गोहरबाईंवरचा ठपका

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात गोहरबाई कर्नाटकी हे नाव बालगंधर्वांच्या उत्तरकाळातच तेवढे येते. तेथेही त्या कलावंत म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून उभ्या असतात. गोहर आली आणि नारायणराव बुडाले, असा अनेक आठवणींचा एकंदर सूर असतो.

हा ठपका तपासायला सालांचा क्रम पुरेसा आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे भागीदार पुढे बाहेर पडले. 'द्रौपदी'सारख्या नाटकावरचा अफाट खर्च आणि डोईजड कर्ज ही १९२०च्या दशकातली गोष्ट. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला आणि प्रेक्षक बोलपटाकडे वळला. १९३५ साली बालगंधर्व स्वतःच प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले. गोहरबाई मंडळीत आल्या त्या १९३८च्या सुमारास. म्हणजे घर आधीच गळत होते. दोष मात्र शेवटी आलेल्या बाईच्या माथी बसला.

विजापूरकडच्या बिळगीच्या या दोन बहिणी. अमीरबाईंना सिनेमाने नाव दिले. 'किस्मत' (१९४३) मधली त्यांची गाणी देशभर गेली. गोहरबाईंनी संगीत नाटक धरले आणि त्यांच्या वाट्याला बोल आले. असे का व्हावे? पडद्यामागून गाणाऱ्या बाईचा फक्त आवाज ऐकला जाई. रंगभूमीवर मात्र कुलीन स्त्रीची मूर्ती हवी होती आणि ती मूर्ती एका पुरुषाने घडवलेली होती. पन्नाशीतले बालगंधर्व पुरुषभूमिकांकडे वळले, नायिका गोहरबाईंकडे आल्या. प्रेक्षकांना खरी स्त्री नको होती. त्यांना शालूतले बालगंधर्वच हवे होते.

त्यांच्या गाण्यावर आक्षेप असतो तो नकलेचा. गंधर्व गायकी त्यांनी आत्मसात केली होती, हे खरेच. पण तीच गायकी पुरुषाने उचलली की आपण तिला परंपरा म्हणतो. हा न्याय कुठला?

बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्याकडून विद्या घेतली. उस्तादांचे हे ऋण मराठी रंगभूमीने अभिमानाने सांगितले. मुसलमान उस्ताद चालले. मुसलमान बाई घरात आली, तेव्हा मात्र धर्म आठवला.

गोहरबाईंना निर्दोष देवी ठरवण्याचेही कारण नाही. बालगंधर्वांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. त्यांनी सोसले ते खोटे नव्हते. पण त्या दुःखाचा जाब विचारायचा तर तो आधी नारायणरावांना विचारावा लागेल. तो विचारायचे धाडस चरित्रकारांना सहसा होत नाही. पाय गेलेल्या त्या नटसम्राटाची शुश्रूषा गोहरबाईंनी केली, हेही तेच चरित्रकार एका ओळीत आटोपतात.

आणि आपण? आपल्या समाजानेही त्यांना गाणारी बाई म्हणून बाजूलाच ठेवले. अमीरबाईंवर कन्नडमध्ये रहमत तरीकेरे यांनी पुस्तक लिहिले. गोहरबाईंची हयात मराठी नाटकात गेली. त्यांना कलावंत म्हणून मांडणारे लेखन मराठीतच व्हायला हवे, आणि त्याची सुरुवात आपल्यातल्या कुणी केली तर ते अधिक शोभेल.