टाकीच्या पोटातली कल्हई

जुन्या जीपचे कौतुक करायला येणारी माणसे बॉनेटपाशी थांबतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. सीजे-थ्रीबीचे ते बॉनेट उगाच उंच नाही. १९५३ साली विलिजने या गाडीत हरिकेन इंजिन बसवले. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह बाजूला न राहता वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटला वर सरकावे लागले. महिंद्राने हीच जीप आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवली. कोकणात घाटरस्त्यांवर, चिरेखाणींवर, निवडणुकीच्या प्रचारात ती दोन-तीन पिढ्यांनी पाहिली. मला मात्र आज ड्रायव्हरच्या सीटखालचे सांगायचे आहे. सीट उचलली की तिथे पेट्रोलची टाकी असते. ती आतून साफ करून तिला नवे अस्तर देण्याचे काम तळेऱ्यातल्या एका घराच्या खळ्यात मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायला मिळाले. गॅरेज नाही, लिफ्ट नाही. माडाच्या सावलीत दोन लाकडी ओंडके, त्यांवर टाकी, आणि समोर पाटावर बसलेले मेस्त्री.

तळेरे म्हणजे मुंबई–गोवा महामार्गावरचा तिठा. एक फाटा वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो, दुसरा विजयदुर्गाच्या दिशेने समुद्राकडे. या टाकीला जे झाले ते या दोन्ही दिशांनी आले, असे म्हणायला हरकत नाही. समुद्राकडून दमट हवा येते. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, आतली वाफ बाहेर पडते. रात्री निवते आणि बाहेरची हवा आत ओढते. त्या हवेतले पाणी टाकीच्या छताला घामासारखे सुटते. घाटावरून येतो तो ऊस, म्हणजे त्याचे इथेनॉल. २०२३ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येऊ लागले आणि दोन वर्षांत जवळजवळ सगळीकडे तेच झाले. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, आणि पाणी फार झाले की त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकीचा तळ त्या थरातच पडून राहतो.

मेस्त्रींनी टाकीला हात लावण्याआधी इंजिनावरचा पेट्रोल पंप पाहिला. या जुन्या पंपाखाली काचेची एक वाटी असते, कचरा खाली बसावा म्हणून. चालवणाऱ्याच्या नजरेला ती कधी पडत नाही, पण टाकीची सगळी कुंडली तिच्यात असते. मेस्त्रींनी ती उन्हात धरून तिरपी केली. तांबूस भुकटी वाटीभर पसरली: हा छताचा गंज, हवा लागलेल्या भागाचा. तिच्याखाली काळी, जड, बारीक कणी: हा तळाचा, पाण्याखाली हवेविना झालेला गंज. आणि काचेच्या काठाला चिकटलेला मधाच्या रंगाचा चिकटा, म्हणजे आटलेल्या जुन्या पेट्रोलची राळ. तीन वेगळी दुखणी आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. राळ अम्लाला दाद देत नाही, गंज साबणाला देत नाही. राळ राहिली तर अम्ल तिच्याखालच्या गंजापर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी राळ, मग गंज. पुढच्या सगळ्या कामाचा क्रम त्या वाटीतच ठरला.

टाकी रिकामी केल्यावर माणसाला हायसे वाटते, आणि धोका खरा तिथेच असतो. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी; रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा नेमक्या भडकणाऱ्या प्रमाणात मिसळू शकतात. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की एक ठिणगी पुरते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरपटत दूरवर जाते. पाणी तापवायची चूल म्हणून मांगराच्या पलीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडली होती. काढलेले पेट्रोल झाकणबंद कॅनमध्ये लांब. मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, ढवळणे, ओतणे, पुन्हा भरणे, वास पूर्ण जाईपर्यंत. टॉर्च आत घालायची ती त्यानंतर. मदतीला आलेला पुतण्या आधीच डोकावायला निघाला तेव्हा मेस्त्री एवढेच म्हणाले, "घाय करू नको. आदी वास जावक व्हयो." हे सांगताना त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. हाताला लागलेली शिस्त अशीच दिसते.

आता आतले पाहू. टाकी बाहेरून साधी पेटी वाटते, पण आत उभ्या पत्र्याच्या आडभिंती असतात, खाली-वर भोके पाडलेल्या. वळणावर पेट्रोल एकदम एका बाजूला धावू नये यासाठी त्या आहेत. त्या नसत्या तर करूळ घाटाच्या प्रत्येक वळणावर पेट्रोल उसळले असते आणि इंजिनाने आचका दिला असता. पण याच भिंती साफ करणाऱ्याची परीक्षा पाहतात. त्यांच्या मागच्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही, उजेड पोचत नाही आणि पाणी मात्र नेमके तिथेच थांबते. मेस्त्रींनी आत बारीक साखळी सोडली. पुष्कळ लोक खडी किंवा नट टाकतात. खडीचा चुरा होतो आणि एखादा नट आडभिंतीमागे अडकून बसतो. साखळी भोकांतून पलीकडे जाते, कोपरा घासते, आणि एक टोक तारेला बांधलेले असल्यामुळे अख्खी परत येते. टाकी ओंडक्यावर हळूहळू डोलवत, मधूनमधून कान लावून ते साखळीचा आवाज ऐकत होते. सुरुवातीला तो दबका, घोगरा होता, भुसभुशीत थरावर पडल्यासारखा. जसजसा पापुद्रा निघाला तसतसा तो स्वच्छ, कोरडा झाला. जिथे आवाज बदलला नाही, ती बाजू पुन्हा खाली. डोळ्यांना बंद असलेली जागा कानाने तपासण्याची ही युक्ती मला या साऱ्या कामात फार आवडली.

साखळीने मोकळा गंज निघतो. पत्र्याला धरून बसलेला काढायला अम्ल लागते. आमच्याकडे तांब्याची भांडी आमसुलाने घासतात, तेव्हा हे शास्त्र कोकणी घराला नवीन नाही. कोकमातले हायड्रॉक्सीसायट्रिक अम्ल आणि बाजारात मिळणारे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अम्ल, ही रसायनाच्या दृष्टीने जवळची नातलग. दोन्ही धातूचा मळ नुसता विरघळवत नाहीत, त्यातल्या धातूला पाण्यात धरूनही ठेवतात. मेस्त्रींनी लिंबूसत्वाचे कोमट पाणी घेतले, शेकडा पाच ते दहाच्या दरम्यान, आणि टाकी काठोकाठ भरली. काठोकाठ हा शब्द महत्त्वाचा. छताचा गंज अम्लात बुडाला नाही तर तो तसाच राहतो, आणि अर्धी भरून उलटीपालटी केली तर मध्ये पाण्याची रेघ उमटते आणि गंज पहिल्यांदा त्याच रेघेवर परततो. घाई नसेल तर उसाच्या मळीचे पातळ द्रावणही हेच काम करते. त्याला आठवडे लागतात, पण चांगल्या पत्र्याला ते फारसे लागत नाही. ज्या मळीपासून टाकीला खाणारे इथेनॉल निघते, तीच मळी तिचा गंज काढते, हे मला आजही नवल वाटते.

लिंबूसत्वाची खुबी ते थांबवण्यात आहे. गंज संपला की अम्ल पत्र्याकडे वळते. मेस्त्री तारेला बांधलेला एक गंजका खिळा त्याच पाण्यात सोडून ठेवतात. अधूनमधून तो वर काढायचा, पुसायचा, पाहायचा. खिळा राखाडी, मॅट झाला की टाकी उपसायची. खिळ्याचे लोखंड आणि टाकीचा पत्रा एक नव्हेत हे त्यांना ठाऊक आहे. खिळा फक्त इशारा देतो, निर्णय टॉर्चचा.

त्यानंतरचे काही क्षण सगळ्यांत नाजूक. नुकताच उघडा पडलेला पत्रा ओला असेल तर पाहता पाहता त्यावर केशरी झाक चढते. कोकणातल्या हवेत तर ती फारच लवकर येते, आणि म्हणूनच हे काम पावसात कोणी काढत नाही; पौष-माघातली कोरडी उन्हे त्यासाठी राखलेली असतात. सोड्याच्या पाण्याने अम्ल मारले, स्वच्छ पाणी फिरवले, लगेच पातळ फॉस्फरिक अम्लाचा हात दिला. त्याने पत्र्यावर लोहफॉस्फेटचा करडा थर बसतो. तो चमकत नाही, पण गंजाला थोपवतो आणि पुढच्या अस्तराला पकड देतो. मग आत स्पिरिट फिरवून ओतून टाकले, कारण स्पिरिट आडभिंतींमागचे पाणी सोबत घेऊन जाते. "पाणी रवला तर सगळा फुकट," असे म्हणत मेस्त्रींनी टाकी दुपारभर उन्हात, तोंड खाली करून ठेवली आणि दर थोड्या वेळाने तिची बाजू बदलली.

तळाला दोन टाचणीएवढी भोके निघाली. तिथे मेस्त्रींनी ज्योत वापरली नाही. वास गेलेली, धुतलेली, वाळलेली टाकी असूनही नाही. तापवलेली तांब्याची डागणी, थोडे फ्लक्स आणि शिसे-कथलाचा बारीक थेंब, इतकेच. भोकाच्या कडेचा पत्रा त्यांनी आधी टोचून पाहिला; तो पातळ असता तर टाकी बाजूला ठेवून नवा तळ लावायला सांगितले असते. अस्तर हे धातूची जागा घेत नाही, आणि पापुद्रा झालेल्या तळावर ते ओतून गाडी रस्त्यावर आणणे मला फसवणूक वाटते. त्या काळी अशा टाक्यांच्या पत्र्याला बहुधा शिसे आणि कथलाचाच पातळ मुलामा असे. पितळी पातेल्याला कल्हई तशी ही टाकीची कल्हई होती, आणि वर्षानुवर्षे पाण्यात उभी राहून ती खंगली होती.

नवी कल्हई म्हणजे दोन भागांचे इपॉक्सी. जुनी एका डब्यातली अस्तरे इथेनॉलमध्ये मऊ पडून सुटतात. मग त्यांचे पापुद्रे पेट्रोलच्या नळीत जातात आणि गंजापेक्षा मोठी डोकेदुखी होते. म्हणून मेस्त्री अल्कोहोल झेलणारे, फिनॉल नोव्होलॅक जातीचेच मागवतात. ओतण्याआधी पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या सेंडरच्या आणि झाकणाच्या आट्यांना ग्रीस, तळाच्या ड्रेनला जुना प्लग, आणि पेट्रोल उचलणाऱ्या नळीत तसेच हवेच्या नळीत बाहेरून जरा जरा फुंकर सुरू. या नळ्या अस्तराने बुजल्या तर टाकी कितीही सुंदर होवो, गाडी दहा मिनिटांत बंद पडते. इपॉक्सी उन्हात लवकर धरते, म्हणून ओतणे पहाटे. मिसळल्यावर वेळ मोजकाच, तरीही हात संथ. टाकी एका अंगावर, थांबणे, दुसऱ्या अंगावर, थांबणे, मग कोपऱ्यावर उभी. इपॉक्सी मधासारखे संथ वाहते. घाईने फिरवले तर ते कडेवर पातळ राहते आणि तळाला साचते. कुठल्या कोपऱ्यात किती वेळ थांबायचे याचे घड्याळ मेस्त्रींच्या मनगटात होते. आडभिंतींच्या भोकांतून अस्तर पलीकडे उतरले का, हे ते टाकीच्या वजनावरून ओळखत होते: भार हातात कुठल्या बाजूला सरकतो आहे, कुठे अडला आहे. एका वळणावर ते थांबले, टाकी अर्धी परत आणली आणि तोच कोपरा पुन्हा वर धरला. मला काहीच कळले नव्हते. त्यांच्या तळहाताला कळले होते.

मग उरलेले अस्तर बाहेर काढायचे. इथे नवखा माणूस खर्चलेल्या मालाचा मोह धरतो. जाड थर म्हणजे मजबूत थर असे त्याला वाटते. पण तळाला साचलेले इपॉक्सी घट्ट होताना आतून तापते आणि पुढे भेगाळते. मेस्त्रींनी टाकी उलटी टांगून शेवटचा थेंब पडेपर्यंत ठेवली आणि कोपऱ्यात साचलेले अस्तर कापडाच्या बोळ्याने टिपले. आत पाहिले तर थर इतका पातळ की पत्र्यावरच्या जुन्या ठोक्यांच्या खुणा त्यातून दिसत होत्या, आणि तरीही कुठेही उघडा पत्रा नाही. आडभिंतीची कड, वेल्डचे टिपके, सेंडरच्या भोकाची आतली वळी, सगळीकडे एकसारखी करडी झाक. हे सगळे पुढे कायमचे सीटखाली जाणार होते.

अस्तर पक्के व्हायला ते बनवणारे सांगतात तितके दिवस टाकी तशीच ठेवली. मग कॉर्कचे नवे वॉशर, नवी रबरी नळी, आणि टाकी ज्या खोबणीत बसते तिथला तांबड्या मातीचा थर खरवडून साफ. ही माती ओल धरते आणि टाकीला खालून खाते. आतून केलेले काम बाहेरून वाया जाऊ नये म्हणून पत्र्याखाली फेल्टच्या पट्ट्या दिल्या. मेस्त्रींची मालकाला एकच सूचना होती. मिरगाच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवेला जागा उरणार नाही, आणि पावसातही गाडी अधूनमधून कणकवलीपर्यंत नेऊन आणा, म्हणजे तेच पेट्रोल आत शिळे होणार नाही.