मऊ फडक्याचा दोष किती?

गाडी धुतल्यावर ती मऊ, स्वच्छ कापडाने पुसून कोरडी करावी, असा सल्ला वाहनाबरोबरच्या पुस्तिकेत असतो, शाम्पूच्या बाटलीवर असतो आणि गॅरेजमधला मिस्त्रीही तोच देतो. सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धवट आहे, आणि जो अर्धा भाग गाळला आहे त्यातच सारे विज्ञान आहे. म्हणून या साध्या वाक्याची जरा कसून तपासणी करावी असे आम्हाला वाटते.

सल्ल्यामागचे गृहीतक असे की कापड मऊ असले म्हणजे ओरखडा पडणार नाही. शाळेत काठिण्य शिकवताना आपणही नकळत हेच गृहीतक पक्के करतो. फ्रिडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली मांडलेली श्रेणी आपण फळ्यावर लिहितो : शंखजिरे १, गारगोटी ७, हिरा १०. जास्त कठीण पदार्थ कमी कठीण पदार्थावर चरा पाडतो, असे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. मग विद्यार्थी सरळ निष्कर्ष काढतो की सुती फडके रंगापेक्षा मऊ आहे, तेव्हा ते रंगावर चरा पाडू शकणार नाही. हा तर्क बिनचूक असता, तर सुताराचा पॉलिशपेपर लाकूड घासू शकला नसता. त्यातला कागद मऊच असतो. घासतात ते त्यावर चिकटवलेले कण. धूळ भरलेले फडके म्हणजे आपण हाताने तयार केलेला पॉलिशपेपरच होय.

हे नीट समजून घ्यायला वडखळ नाक्याइतके सोयीचे ठिकाण नाही. मुंबई-गोवा महामार्गातून अलिबागचा रस्ता येथे फुटतो. जवळच डोलवीचा पोलाद कारखाना आहे, धरमतरची खाडी आहे आणि पेण तालुक्याचा खारेपाट आहे. महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्या काळात खडी, माती आणि अवजड वाहने यांनी उडवलेली धूळ या भागातल्या प्रत्येक मोटारीने आणि मिनीडोरने अंगावर घेतली.

या धुळीत काय असते? आपल्याकडची खडी बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची. त्यातल्या फेल्डस्पारचे काठिण्य सुमारे ६, पायरॉक्झीनचे ५ ते ६ आणि पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोटीचे ७. पोलादासाठी लागणाऱ्या हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट या लोहखनिजांचे काठिण्यही साधारण ५.५ ते ६.५ असते. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ मात्र जेमतेम २ ते २.५ काठिण्याचे, शिवाय पाण्यात विरघळणारे. म्हणजे धुताना मीठ निघून जाते आणि पाषाणाचा न विरघळणारा कण मागे राहू शकतो.

आता रंगाकडे पाहू. अलीकडच्या बहुतेक मोटारींवर रंगाच्या थरावर एक पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी सुमारे ४० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण आपल्या केसाएवढी. हा लेप बहुवारिकाचा असतो. मोसच्या श्रेणीत त्याला जागा नाही, कारण ती श्रेणी खनिजांसाठी आहे. रंगाचे कारखाने त्याची परीक्षा चक्क पेन्सिलींनी घेतात. वेगवेगळ्या प्रतींच्या पेन्सिली ४५ अंशांत धरून ठरावीक भाराखाली लेपावर ढकलतात आणि कोणत्या प्रतीपर्यंत चरा उठत नाही ते पाहतात. जो लेप पेन्सिलीने मोजला जातो, त्याच्यावर पाषाणाचा कण काय करील हे वेगळे सांगायला नको.

पण हात तर हलकाच फिरवला होता, असे कोणी म्हणेल. येथे बल आणि दाब यांतला फरक उपयोगी पडतो. समजा एका कणावर न्यूटनचा फक्त शंभरावा भाग बल आले आणि कणाचे टोक रंगाला १० मायक्रोमीटर बाजूच्या चौरसाएवढ्या जागेत टेकले. ते क्षेत्रफळ एका चौरस मीटरचा एक हजार कोटीवा भाग भरते. दाब निघतो १० कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजारपट. हलक्या हाताचा भरवसा किती धरायचा, ते या गणितावरून ठरवावे.

यावरून सल्ल्यातला गाळलेला भाग कळतो. धुताना साबणाचे पाणी वंगणाचे काम करते आणि कणाला लेपापासून थोडे दूर ठेवते. पुसताना आपण नेमके तेच वंगण काढून घेत असतो. म्हणून धुण्यापेक्षा कोरडे करणे जास्त धोक्याचे. आणि रोज सकाळी धूळ बसलेल्या गाडीवर कोरडे फडके फिरवणे सर्वांत वाईट, कारण तेथे वंगण मुळातच नसते.

मायक्रोफायबरच्या जाहिरातींनाही हीच कसोटी लावावी. या कापडाचा तंतू इतका बारीक असतो की ९००० मीटर तंतूचे वजन एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते. तंतूंमधल्या फटी केशाकर्षणाने पाणी ओढून घेतात, त्यामुळे घासण्याची गरज राहत नाही. कापड पसरावे, दाबावे, उचलावे. पण तेच कापड एकदा जमिनीवर पडले, की त्याच फटी मातीचे कण धरून ठेवतात. गुण तोच, पण त्याचा दोष होतो.

मग गाडी पुसूच नये का? उन्हात आपोआप वाळू द्यावी, तर पाणी उडून जाते आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार डाग होऊन मागे राहतात. त्यावर उपाय असा : गाडी सावलीत धुवावी. शेवटी नळीचे तोंड न दाबता पाणी वरून संथ सोडावे. ते सलग पडद्यासारखे ओघळते आणि बरेचसे थेंब बरोबर घेऊन जाते. उरलेले पाणी कापड दाबून टिपावे.

मात्र हा उपाय ज्याच्या दारी नळी आणि पाणी आहे त्याच्यासाठी झाला. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे, त्याचे पाणी नवी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या खारेपाटाने पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे हाल सोसले आहेत. तेथे भरपूर पाण्याने धुवा हे सांगणे शोभत नाही. विज्ञान येथे एक स्वस्त उत्तर देते. कण वाहून जाईल इतके पाणी नसेल, तर धूळ तशीच राहू द्यावी. नुसती बसलेली धूळ चरा पाडत नाही, चरा पाडतो तो तिच्यावरून फिरणारा हात. काच, आरसे आणि दिवे तेवढे पाण्याने स्वच्छ करावेत, कारण तेथे प्रश्न सुरक्षिततेचा असतो.

आणखी एक अन्याय या अर्धवट सल्ल्यातून होतो. रस्त्याकडेला एका बादलीत आणि एकाच फडक्याने दिवसभर गाड्या धुणाऱ्या पोराला, ओरखडे दिसले की मालक बोल लावतो. हात जड आहे, लक्ष नाही, असे म्हणतो. खरा दोष बादलीच्या तळाशी साचलेल्या गाळाचा आणि तेच फडके पुन्हा त्यात बुडवण्याचा असतो. दुसरी बादली आणि चार जास्तीची फडकी यांचा खर्च मालकाने द्यायला हवा. कारण ठाऊक नसले की दोष माणसावर ढकलला जातो, तो असा.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. प्लास्टिकची नवी पारदर्शक पट्टी घेऊन तिचे तीन भाग करा. पहिल्या भागावर स्वच्छ ओले फडके वीस वेळा फिरवा. दुसऱ्यावर रस्त्यावरची चिमूटभर धूळ टाकून तसेच दुसरे फडके तितक्याच वेळा फिरवा. तिसऱ्यावर तेवढीच धूळ टाका, ती पाण्याने वाहू द्या आणि मग फडके नुसते दाबा. पट्टी दिव्याखाली तिरकी धरून तिन्ही भागांची तुलना करा. नंतर एखाद्या जुन्या दुचाकीची पेट्रोलची टाकी उन्हात पाहायला सांगा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ओरखड्यांची वर्तुळे दिसतील. पाहणारा सरकला की वर्तुळेही सरकतात. ओरखडे सर्व दिशांना असतात, पण प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात. हे वर्तुळ कोणी काढले, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.