चौसष्ट केबीचा परिग्रह

आमच्या आदिलाबादला कॉम्प्युटरचा पहिला शत्रू व्हायरस नव्हे, कापूस. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हवेत तंतू तरंगतात, आणि मशीनच्या पंख्यावर दोन महिन्यांत गादी भरावी इतका कापूस जमतो. मग मशीन तापतं, घों घों करतं, बंद पडतं. मुनीमजी ते उघडून दाढीच्या जुन्या ब्रशनं झाडतात. त्याच टेबलावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि टीव्हीएस गोल्डचा खटखट वाजणारा कीबोर्ड मात्र वर्षानुवर्षं तस्साच बसलेला. त्याला ना तंतूंचं काही, ना मे महिन्याचं. म्हणून हैदराबादला शिकणारा माझा भाचा गेल्या दिवाळीत म्हणाला, "मावशी, तुझ्यासारखा विचार करणारी माणसं जगात आहेत, बोटीवर राहतात," तेव्हा मी कान टवकारले.

ती माणसं म्हणजे रेक्का बेलम आणि डिव्हाइन लू लिनवेगा, कॅनडाचं जोडपं. दोघं मिळून स्वतःला ‘हंड्रेड रॅबिट्स’ म्हणवतात, म्हणजे शंभर ससे. पिनो नावाच्या शिडाच्या बोटीवर राहतात, सूर्यावर वीज करतात, चित्रं, संगीत आणि सॉफ्टवेअर बनवतात. प्रशांत महासागर ओलांडताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण ज्या साधनांनी काम करतो ती इंटरनेटवाचून अडतात. एका अपडेटसाठी कित्येक जीबी उतरवून घ्यायचे, तेही बेटावरच्या तुटक्या जोडणीवर! मग त्यांनी ती साधनं टाकून ‘उक्सन’ नावाचा एक कल्पनेतला छोटा कॉम्प्युटर तयार केला. सगळी मिळून मेमरी ६४ केबी, मूळ आज्ञा फक्त ३२, पडद्यावर एका वेळी चारच रंग. हा कॉम्प्युटर दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या पोटात बसतो, मुलांच्या जुन्या निन्टेन्डोवरसुद्धा चालतो. म्हणजे यंत्र बदललं तरी काम बदलायला नको.

तो चालतो कसा, हे भाच्यानं मला ताटं घेऊन समजावलं. दोन ठेवा, त्यावर तीन ठेवा, आता ‘अधिक’ म्हणा: वरची दोन ताटं उचलली जातात आणि पाचाचं एक ताट परत ठेवलं जातं. बस्स. ताटांचा ढीगही २५६ बाइटपलीकडे वाढत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या बाईला यात न समजण्यासारखं काही नाही.

मला हे मनापासून आवडलं, का ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या श्रावकाच्या पाच अणुव्रतांत शेवटचं परिग्रह-परिमाण. मुनींनी सगळंच सोडलं, आपण संसारी माणसांनी निदान रेघ तरी ओढायची: एवढं घर, एवढं सोनं, एवढी वस्त्रं, यापुढे नाही. तुम्ही रेघ कुठे ओढता याला तितकं महत्त्व नाही, ओढल्यावर ती पाळता का, याला आहे. या दोघांनी ६४ केबीवर रेघ ओढली आणि त्या रेघेच्या आत राहून लिहिण्याचं, चित्रं काढण्याचं, गाणं रचण्याचं साधन हातानं घडवलं. ‘लेफ्ट’ नावाचा त्यांचा लेखनाचा प्रोग्रॅम आधी जडजड होता, तोही त्यांनी पुन्हा उक्सनसाठी लिहिला. आपण किती जणी स्वतःचं कपाट असं पुन्हा लावतो?

आता माझं भांडण. भाच्यानं ‘लेफ्ट’ उघडून दिलं आणि म्हणाला, लिही. शुभारंभ म्हणून मी ‘णमो’ लिहायला गेले. लिहिताच येईना. त्या कॉम्प्युटरमध्ये कीबोर्डवरून येणारं प्रत्येक अक्षर एका बाइटचं, आणि अक्षरांचा साचाही २५६ चिन्हांचा. त्यात इंग्रजी ऐसपैस मावते. देवनागरीसाठी पाटच मांडलेला नाही. तेलुगूसाठी नाही, गोंडीसाठी तर विचारूच नका. ‘कमीत कमी’ म्हणून जे ठरवलं, ते कोणाच्या भाषेतलं कमीत कमी? ज्याची लिपी आधीच आत बसली आहे त्याला बाकीचं सगळं ओझं वाटणारच.

कोणी म्हणेल, देवनागरी अवघडच आहे. वेलांटी अक्षराच्या आधी, रफार डोक्यावर, जोडाक्षरं शेकड्यांनी. ६४ केबीत हे बसायचं कसं? याचं उत्तर आपल्याच घरात आहे. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं, आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं ते ‘जिस्ट’ म्हणून देशभर नेलं. साध्या डॉसच्या मशीनमध्ये एक कार्ड खोचायचं, की पडद्यावर मराठी. तेव्हाच्या त्या मशीनची मेमरी ६४० केबी, आजच्या एका फोटोहून कमी. त्यामागचा संकेत इस्की, १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोनं ठरवलेला. एका बाइटच्या २५६ जागांपैकी खालच्या अर्ध्यात इंग्रजी तशीच ठेवली, वरच्या अर्ध्यात आपली अक्षरं. आणि गंमत पाहा, मराठीचा ‘क’ आणि तेलुगूचा ‘क’ यांना जागा एकच! लिपी बदलायचं बटण दाबलं की मराठीत टाइप केलेलं नाव तेलुगू अक्षरांत समोर. पैनगंगेच्या काठावर, बेला-जैनदसारख्या गावांत, जिथं घरात मराठी आणि पाटीवर तेलुगू, तिथं यापेक्षा शहाणी काटकसर कोणती? ‘णमो’ला इस्कीत तीन बाइट लागतात. रोमनमध्ये चार. आजच्या युनिकोडच्या चालू पद्धतीत नऊ.

त्याहून मागे जा. मराठी टाइपरायटर आठवतोय? गोदरेजचं ते लोखंडी धूड. त्यावर ‘ख’, ‘घ’, ‘भ’, ‘श’ यांना पूर्ण कळ नसायचीच. अर्धं अक्षर मारा, पुढे काना मारा, झालं पूर्ण अक्षर. साठ काय, पन्नासच्याही आत कळा, आणि अख्ख्या कोर्टकचेऱ्या त्यावर चालल्या. तेव्हा जागा नव्हती, हे कारण मला पटत नाही. बोटीवर त्याची गरज पडली नाही, एवढंच खरं. त्यासाठी मी त्यांना दोषही देत नाही. त्यांनी स्वतःसाठी केलं आणि तसं उघड सांगितलं. पण त्यांचं वाचून आपल्याकडची हुशार मुलं जेव्हा ‘हाच खरा साधेपणा’ म्हणतात, तेव्हा तो साधेपणा इंग्रजीत आहे, हे त्यांना दिसत नाही.

दुसरी एक गोष्ट, जरा कडवट आहे. साधेपणा निवडणं वेगळं आणि वाट्याला येणं वेगळं. घरात नवा लॅपटॉप दुकानावर जातो, जुना मुलाकडे आणि त्याहून जुना ‘तुला काय, रेसिप्या तर लिहायच्यात’ म्हणत आपल्याकडे. फोनचंही तेच. व्रत स्वतः घ्यायचं असतं. दुसऱ्याला दिलं की ती नुसती काटछाट होते. बोटीवरच्या रेक्काबाई आपल्या रेघेबद्दल स्वतः बोलतात, लिहितात. हा फरक वाचताना मला फार जाणवला.

आणि भरवशाचं यंत्र म्हणाल, तर ताडपत्रापुढे कोण? मूडबिद्रीला धवलेची ताडपत्रं शतकानुशतकं टिकली. पण ती होती जुन्या कन्नड लिपीत, आणि वाचणारे घटत चाललेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांनी पुढाकार घेतला तेव्हा नकला सुरू झाल्या. नकलेचं काम करणारे गजपती उपाध्याय, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. या बाईंनी घरात बसून कन्नडमध्ये गुपचूप एक प्रत उतरवली, आणि तीच पुढे सहारनपूरला पोचली. १९३९ साली आपल्या अमरावतीहून हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापला, तो अशा हातांच्या जिवावर. श्रुतपंचमीला आपण ग्रंथांना वेष्टनं बदलतो, धूळ झटकतो. लक्ष्मीबाईंचं नाव किती जणींनी ऐकलंय?

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो वादात पडला नाही. म्हणाला, "मावशी, आजीच्या फाइली दे."

आईनं आपल्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. पहिली वीसेक पानं नात्यातल्या एकांच्या छापखान्यात जिस्टच्या मशीनवर टाइप झाली. पुढची, काही वर्षांनी, बाजारातल्या एका दुकानात, तेव्हा निघालेल्या कुठल्याशा फॉन्टमध्ये. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर मी त्या वाहत राहिले, पण उघडलं की नुसती चिन्हांची भेळ. वाचता येत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. आई जाऊन अकरा वर्षं झाली.

पहिल्या भागाला त्याला एक दुपार पुरली. इस्कीचा तक्ता एका पानाचा, जाहीर, कोणालाही मिळणारा. त्यानं या जागेचं हे अक्षर असा शे-दीडशे ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि आई कारंज्याच्या माहेराबद्दल सांगू लागली. मी उठून आत गेले, थोड्या वेळानं परत आले.

दुसऱ्या भागाला तक्ता नाही. ज्यानं तो फॉन्ट केला त्यानं कोणती खूण कुठे ठेवली, हे कुठे लिहून ठेवलेलं सापडत नाही. भाचा एकेक शब्द अंदाजानं लावतो आणि मला पाठवतो, कारण आईचे शब्द मला माहीत आहेत. टाइपरायटरच्या चालीनं रफार अक्षरानंतर ठेवलेला, म्हणून तो सगळीकडे एक घर चुकतो. काल रात्री आलेल्या पानावर ‘पर्युषण’ सात ठिकाणी ‘पयुर्षण’ झालंय आणि ‘निर्मल’चं ‘निमर्ल’. मी लाल पेननं खुणा करून फोटो पाठवलाय. अजून चौदा पानं आहेत.