हाताला काम असलेली कादंबरी

गेल्या काही वर्षांत वाचलेल्या बहुतेक कादंबऱ्या मी एसटीत वाचल्या. नोकरीच्या गावाला जायला पाऊण तास लागतो, यायला पाऊण तास. तालुक्याच्या वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक घरी नेता येतं, तेवढं या प्रवासात वाचून होतं. समीक्षा हा काही माझा व्यवसाय नाही. पुस्तक परत केल्यावर महिन्याभरानं त्यातलं काय आठवतं, एवढंच माझं मोजमाप आहे.

या मोजमापानं पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कथानकं विसरायला होतात, नावं विसरायला होतात, पण काम करणारे हात विसरत नाहीत. मशीनच्या सुईखाली कापड सरकवणारी बोटं, म्हशीचा माग काढत रान तुडवणारे पाय, नदीचं पाणी कापणारे दंड. आजची मराठी कादंबरी तिच्या माणसाच्या हाताला काम देते तेव्हा ती उत्तम असते, आणि काम बाजूला ठेवून बोलायला लागते तेव्हा ढेपाळते, असं माझं मत झालं आहे. या लेखात ते मत नीट मांडून पाहायचं आहे.

सुरुवात देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’पासून करतो. तुळजापूरच्या या लेखकाला या कादंबरीसाठी २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. त्यांनी स्वतः शिलाईकाम केलेलं आहे. तयार कपड्यांची दुकानं गावोगाव आली आणि गावातल्या शिंप्याचं काम आटलं, एवढाच कादंबरीचा विषय. हा विषय वर्तमानपत्रात दोन परिच्छेदांत संपतो. इथं तो संपत नाही, कारण लेखकाला शिवणं माहीत आहे. कापडाला कात्री लावण्याआधी शिंपी क्षणभर थांबतो, ते थांबणं ज्यानं अनुभवलंय त्यालाच लिहिता येतं. धंदा बसला हे सांगण्यासाठी लेखकाला जागतिकीकरणावर व्याख्यान द्यावं लागत नाही. गिऱ्हाईक नवीन कपडा शिवायला न टाकता जुना उसवून आणतं, यातच सगळं आलं.

हे पुस्तक मी आमच्या टेलरमामांना वाचायला दिलं. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं आठ बाय दहाचं दुकान आहे. मशीनच्या फळीवर, खडू आणि टेपच्या शेजारी, ते पुस्तक तीन आठवडे पडून होतं. मधे लाकडी फूटपट्टी खुणेला घातलेली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दोन पानं, असं त्यांचं वाचन. परत देताना म्हणाले, “साहेब, लिहिणाऱ्यानं मशीन मारलेली आहे.” कशावरून, असं विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. हातातल्या पँटची शिवण उलटी करून दाखवली आणि टाके कुठं दाट घ्यावे लागतात, कुठं सैल, ते बोटानं दाखवलं. कसबी वाचकाची ती दाद होती. एखाद्या कादंबरीला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळेल असं मला वाटत नाही.

‘उसवण’ वाचताना रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ आठवल्याशिवाय राहत नाही. १९७१ची ही कादंबरीही मराठवाड्यातलीच आणि तिच्यातला गंगारामही शिंपीच. गावातल्या बड्या माणसांपुढे त्याचा ताठा मोडत नाही आणि त्यापायी घर उधळून जातं. दोन शिंप्यांमध्ये अर्धशतकाचं अंतर आहे. गंगारामचं वैर ज्याच्याशी होतं तो समोर दिसत होता, त्याला चेहरा होता, गावात घर होतं. ‘उसवण’मधल्या शिंप्याला भांडायला माणूसच सापडत नाही. रेडिमेडच्या दुकानदाराशी तो काय भांडणार? तोही पोटासाठीच बसलेला. गेल्या पन्नास वर्षांत ग्रामीण जीवनात झालेला बदल या दोन छोट्या कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या की स्पष्ट होतो. ‘पाचोळा’तली आणखी एक गोष्ट मोलाची आहे, तिच्याकडे शेवटी वळेन.

अशीच दुसरी जोडी विस्थापितांच्या कादंबऱ्यांची. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ला १९९२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात गाव जाणार, मग मोजणी, मोबदला, पुनर्वसनाच्या जमिनी, कचेऱ्यांचे हेलपाटे, आणि या सगळ्याला भिडणारे खैरमोडे गुरुजी. मोठा पट, असंख्य माणसं, सरकारी कारभाराचं बारीक ज्ञान. ती वाचून माणूस संतापतो. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’चा विषयही धरणाचाच. २०२३चा अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीत मात्र कचेरी जवळपास दिसत नाही. गाव उठलं, माणसं नव्या जागी गेली, म्हैस मागे राहिली. तिला परत आणायला एक माणूस ओसाड पडलेल्या जुन्या गावाकडे, रानात जातो. एवढ्या काळात म्हैस रानटी झालेली असते. ती त्याला ओळखत नाही, किंवा ओळखूनही येत नाही.

खोत कोल्हापूरकडचे, पन्हाळ्याच्या मुलखातले. त्यांचं वाक्य तुटक असतं, बोलीतलं असतं, धाप लागलेल्या माणसासारखं पुढं सरकतं. पहिली वीस पानं मला जड गेली, हे कबूल करतो. नंतर लक्षात आलं, की रानात जनावरामागे फिरणारा माणूस लांबलचक, घडीव वाक्यांत विचार करणारच नाही. म्हशीचा माग काढणं हेच इथं कथानक आहे. माणूस तिला गोठ्यात आणू पाहतो आणि हळूहळू वाचकाला कळतं, की दावं तुटलंय ते दोघांचंही. ‘झाडाझडती’नं विस्थापनाची फाईल उघडून दाखवली, ‘रिंगाण’नं विस्थापन एका जनावराच्या डोळ्यांत दाखवलं. दोन्हीची गरज होती. पण आज निवड करायला सांगितली तर मी ‘रिंगाण’ उचलेन. आकडे आणि ठराव मला अन्यत्रही मिळतात, ती म्हैस मला दुसरीकडे कुठंच मिळणार नाही.

मनोज बोरगावकर यांची ‘नदीष्ट’ २०१९ला आली आणि वाचकांनी एकमेकांना सांगत सांगत ती उचलून धरली. आमच्या वाचनालयात तिच्यासाठी दोन महिने थांबावं लागलं. नांदेडची गोदावरी आणि तिच्यात रोज पोहणारा निवेदक, एवढं तिचं भांडवल. पोहणं हा काही धंदा नाही, पण लेखक ते कामाइतकंच गांभीर्यानं घेतो. ऋतूप्रमाणे पाण्याचा स्पर्श कसा बदलतो, धार कुठं ओढते, पैलतीर गाठताना दम कसा राखायचा, हे सगळं शरीराच्या भाषेत येतं. या नदीकाठी गुराखी आहेत, भीक मागणारे आहेत, एक तृतीयपंथी आहे. गावानं बाजूला सारलेली माणसं काठावर जमतात आणि निवेदक त्यांच्याजवळ जातो. जिथं तो फक्त पोहतो आणि ऐकतो, तिथं ही कादंबरी फार सुंदर आहे. काही ठिकाणी तो नदीकडून आयुष्याचे धडे काढायला लागतो, तिथं पाणी गढूळ होतं. पोहण्याच्या वर्णनात तो धडा आधीच आलेला असतो.

प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला २०२२चा अकादमी पुरस्कार मिळाला. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. बाहुल्यांच्या त्या खेळाचा आधार घेऊन बांदेकर आजच्या दहशतीबद्दल, कोण कोणाच्या दोऱ्या ओढतंय याबद्दल लिहितात. रूपक धाडसी आहे आणि काळाला लागू आहे. माझी अडचण वेगळी आहे. बाहुली हातात असते, दोरी बोटात असते, तोवर मी लेखकाबरोबर असतो. रूपकाचा अर्थ पात्रंच एकमेकांना समजावून सांगू लागतात, तेव्हा मी थोडा मागे राहतो. बाहुली नाचवणाऱ्याच्या कसबावर जेवढा विश्वास आहे, तेवढाच विश्वास वाचकाच्या समजेवरही असावा, असं वाटत राहतं.

ही समजावून सांगण्याची सवय जुनीच आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून, म्हणजे १८५७पासून, मराठी कादंबरी विधवांचा, स्त्रियांचा, शेतकऱ्यांचा, जातीचा प्रश्न खांद्यावर घेऊन चालत आली आहे. ते तिचं भूषण आहे. पण हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये एक गोष्ट केली होती, ती आपण विसरतो. त्यांनी यमूलाच तिची हकीकत सांगू दिली. माजघरातलं तिचं रोजचं जगणं वाचूनच वाचकाला सगळं कळत गेलं. नंतरच्या अनेक कादंबऱ्यांत शेवटचा तिसरा हिस्सा आला की लेखकाचा धीर सुटतो. पात्रं सभेत बोलावं तशी बोलू लागतात. याला लेखकाइतकंच संपादनही जबाबदार आहे. ज्या कादंबऱ्यांत पन्नास पानं कमी झाली असती तर बरं झालं असतं, अशांची माझी यादी मोठी आहे. त्या पन्नास पानांवर बोट ठेवणारा संपादक लेखकाजवळ बसलेला असावा, ही वाचक म्हणून माझी मागणी आहे.

मोठ्या आकाराला माझा विरोध नाही. नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१०ला आली, सहाशेच्या घरातली. घराकडे निघालेला खंडेराव वाटेत हजारो वर्षं उकरत जातो, कारण तो पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. उकरणं हे त्याचं कामच असल्यामुळे ती पानं पेलली जातात. रंगनाथ पठारे यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये (२०१९) सातशेहून अधिक पानांत एका कुळाचे सात पुरुष शतकांमागून शतकं ओलांडतात. जिथं नांगर, घोडा, घाट आणि भूक आहे तिथं ती वाचणं थांबवता येत नाही. जिथं वंशाची मीमांसा सुरू होते तिथं मी पानं मोजू लागलो. एकाच पुस्तकात दोन्ही अनुभव आले, म्हणून माझं मत आणखी पक्कं झालं.

आता शहराकडे. इथं मला खरी उणीव जाणवते. प्रणव सखदेव यांच्या ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ला २०२१चा युवा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या परिघातल्या तरुणाची तगमग त्यात प्रामाणिकपणे आली आहे. तिची भाषा आजची आहे. पण एकूण शहरी कादंबरीतली माणसं पोट कशावर भरतात हे अनेकदा धूसरच राहतं. ती प्रेमात पडतात, तुटतात, विचार करतात. दिवसाचे दहा तास मात्र पानाबाहेर जातात. शेतातली नांगरट लिहिणारे लेखक आपल्याकडे आहेत, रात्रपाळीत परक्या नावानं फोन उचलणाऱ्या पोराचे दहा तास मला अजून हवे तसे वाचायला मिळाले नाहीत. अपवाद आठवतो तो नंदा खरे यांच्या ‘उद्या’चा. पेशानं स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकाला यंत्रणा कशी चालते हे आतून ठाऊक होतं. माणसावर सतत पाळत ठेवणारं उद्याचं जग त्यांनी २०१४मध्ये लिहिलं, तेव्हा ते लांबचं वाटलं होतं. २०२०चा अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला, २०२२मध्ये ते गेले. आज ‘उद्या’ पुन्हा वाचताना तिच्यातलं भविष्य आपल्या खिशातल्या फोनमध्ये आलेलं आहे.

आणि दुसरी उणीव बायकांच्या कामाची. कविता महाजन यांच्या ‘ब्र’मध्ये (२००५) ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी बायका खुर्चीवर बसायला, सही करायला, बोलायला शिकतात. कारभार हे काम आहे आणि ते बाई करते, हे त्या कादंबरीनं ठसठशीत दाखवलं. पण ज्या श्रमाच्या कादंबऱ्यांचं मी वर कौतुक केलं, त्यांतल्या बहुतेकींमध्ये आपण पाहतो ते पुरुषाच्या डोळ्यांनी. बाई घरात राबताना दिसते, पण त्या राबण्याच्या आत आपल्याला नेलं जात नाही.

म्हणून पुन्हा ‘पाचोळा’. कादंबरी गंगाराम शिंप्याची, पण ती सांगते त्याची बायको पार्वती. बोराड्यांनी १९७१मध्ये तिच्या बोलीत, तिच्या तोंडून सगळं सांगितलं. तिला दिसतं ते नवऱ्याला दिसत नाही, आणि वाचकाला दोघंही दिसतात. बोराडे २०२५च्या फेब्रुवारीत गेले. त्या आठवड्यात मी ‘पाचोळा’ वाचनालयातून पुन्हा आणली.

ती घेऊन घरी जाताना टेलरमामांच्या दुकानात थांबलो होतो. मागच्या पडद्याआड मामी बसलेल्या असतात. काज, बटणं, साड्यांचे फॉल, पँटची हातशिलाई हे सगळं त्याच करतात. दुकानाच्या पाटीवर मामांचं नाव आहे. मामींनी पडदा बाजूला सारून माझी तयार पँट पुढं केली, आणि हातातलं पुस्तक कसलं म्हणून विचारलं. शिंप्याच्या बायकोनं सांगितलेली गोष्ट आहे, असं मी म्हणालो. त्यांनी सुई पदराला टोचली, हात पुसले आणि पुस्तक मागून घेतलं.

पुढची कादंबरी मला त्या पडद्याआडून हवी आहे.