काळाला वेगळे काढण्याची किंमत

विज्ञानातल्या नव्या कल्पनेचे परीक्षण करताना ती बरोबर की चूक, एवढेच विचारून भागत नाही. ती काय देते आणि त्या बदल्यात काय मागते, हेही पाहावे लागते. पेत्र होरावा या चेक भौतिकशास्त्रज्ञाने जानेवारी २००९ मध्ये मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताकडे आपण असे पाहू. आइन्स्टाइनचा अवकाश-काल मोडीत निघाला, अशा थाटात तेव्हा त्याची लोकप्रिय लेखांतून प्रसिद्धी झाली होती.

आधी सममितीविषयी. साध्या लंबकाचा प्रयोग आज करा वा उद्या, या खोलीत करा वा शेजारच्या, टेबल कोणत्याही बाजूला वळवा. उत्तर तेच येते. एकसमान वेगाने, सरळ रेषेत जाणाऱ्या गाडीतही तेच. परिस्थिती अशी बदलली तरी नियम बदलत नाही, हीच नियमाची सममिती. प्रकाशाचा वेग अशा सर्व निरीक्षकांना सारखाच भरतो, ही गोष्ट तिला जोडली की ‘लोरेन्ट्झ सममिती’ मिळते. मग दूरदूरच्या दोन घटना एकाच क्षणी घडल्या का, यावर वेगवेगळ्या गतीच्या निरीक्षकांचे एकमत होत नाही, आणि त्यांतल्या कोणा एकाचेच घड्याळ खरे मानता येत नाही.

एखादा विद्यार्थी विचारील, “पण ‘खाली’ ही दिशा तर वेगळी आहेच ना?” आहे, पण ती पायाखालच्या पृथ्वीमुळे. नियमात स्वतःचे असे खाली-वर नाही. परिस्थितीमुळे दिसेनाशी झालेली सममिती वेगळी आणि नियमातच नसलेली वेगळी. हा भेद वर्गात आवर्जून सांगायला हवा, कारण होरावा यांनी हात घातला तो नियमालाच. त्यांच्या सिद्धान्तात सर्व विश्वासाठी ‘एकाच क्षणी’ या शब्दांना पुन्हा पक्का अर्थ येतो.

एवढे धाडस कशासाठी? आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाला क्वांटम सिद्धान्ताची जोड देऊ लागलो की अतिसूक्ष्म अंतरांवरच्या गणितात अनंत उत्तरे येतात. प्रत्येक पायरीवर ती आवरायला प्रयोगातून मोजावा लागणारा नवा स्थिरांक लागतो, आणि मग सिद्धान्ताला भाकीत म्हणून काही करताच येत नाही. समीकरणात जादा पदे घालून हे आवरता येते. पण लोरेन्ट्झ सममिती पाळायची तर अवकाशाबरोबर काळाचीही जादा पदे घालावी लागतात, आणि त्यांतून ऋण संभाव्यतेसारखे अर्थहीन निष्कर्ष निघतात. भौतिकशास्त्रज्ञ त्यांना चक्क ‘भुते’ म्हणतात! होरावा यांनी जादा पदे फक्त अवकाशाची घेतली. त्यांच्या सिद्धान्तात सूक्ष्म पातळीवर लांबी निम्मी केली, तर काळ एक अष्टमांश करावा लागतो. ही युक्ती सोव्हिएत शास्त्रज्ञ लिफ्शिट्झ यांच्या पदार्थाच्या अवस्थांतरावरील कामातून घेतलेली. ती पोकळ नव्हती. सिद्धान्ताच्या एका रूपात अनंतांचा बंदोबस्त खरोखरच होतो, हे २०१६ साली इतरांनी सिद्ध केले. हे श्रेय होरावांना द्यायलाच हवे.

आता किंमत. सममिती काढून घेतली की तिने दाबून ठेवलेल्या गोष्टी डोके वर काढतात. गुरुत्वाकर्षणात कंपनाचा एक नवाच प्रकार शिरला. वर्षभरातच इतर अभ्यासकांनी त्यातले दोष दाखवले आणि मूळ सिद्धान्ताला डागडुजी करावी लागली.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सूक्ष्म पातळीवर मोडलेली सममिती आपल्या रोजच्या पातळीवर इतकी अचूक का दिसते? २००४ मध्येच काही शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले होते की, असा भंग सूक्ष्म पातळीवर कोंडून राहत नाही. खास तजवीज केली नाही, तर वेगवेगळ्या कणांच्या कमाल वेगांत सहज लक्षात यावा इतका फरक पडेल. तसा फरक कुठेही आढळत नाही.

तिसरी गोष्ट निरीक्षणाची. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर नोंदल्या गेल्या. सुमारे १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. अंतर होते सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे. हे गणित विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. एका वर्षात सुमारे ३.१५ कोटी सेकंद, म्हणजे प्रवास ४ वर १५ शून्ये इतक्या सेकंदांचा. गॅमा किरण मुळातच १० सेकंद उशिरा निघाले असे धरले, तरी दोन्ही वेगांतला फरक १ वर १४ शून्ये इतक्या भागांत एका भागाहूनही कमी भरतो. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात हे दोन वेग मुळातच समान आहेत. होरावांच्या सिद्धान्तात गुरुत्वीय लहरींचा वेग एका मोकळ्या स्थिरांकावर अवलंबून असतो, आणि तो आता तितक्याच काटेकोरपणे हाताने जुळवून घ्यावा लागतो.

म्हणून आमचे मत असे: हा सिद्धान्त खोटा ठरलेला नाही, पण महाग पडला आहे. आइन्स्टाइनकडे जे आपोआप मिळते ते येथे विकत घ्यावे लागते.

मात्र ‘आइन्स्टाइन पुन्हा खरा ठरला’ हा मथळाही तितकाच सैल आहे. सममिती पूर्ण अचूक आहे, असे कोणतेही मापन सांगू शकत नाही. भंग असलाच तर अमुक मर्यादेहून लहान आहे, एवढेच ते सांगते. वर्गात सममितीचा नियम स्वयंसिद्ध म्हणून सांगितला, तर या शोधामागची धडपड विद्यार्थ्यांना कधीच कळणार नाही. नियमाबरोबर तो किती दशांश स्थळांपर्यंत तपासला आहे तेही सांगावे. पुढचे दशांश स्थळ अजून कोणी पाहिलेले नाही, हे त्यांना कळायला हवे.