०.१ टक्क्याचा मोह : सरकारी खर्चाची कार्यक्षमता मोजताना

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रांनो, आज एका प्रसिद्ध आकड्याची झडती घेऊ.

२०११-१२ च्या महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत दिसलं की, एकूण पिकाखालील क्षेत्रात सिंचित क्षेत्राचा वाटा दहा वर्षांत १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर गेला. या काळात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च झाल्याचं सांगितलं जात होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले गेले आणि वाक्य तयार झालं : ‘७० हजार कोटी खर्चून सिंचन वाढलं ०.१ टक्का.’

या वाक्याने काम मोठं केलं, हे आधी मान्य करू. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली, पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पण राजकीय प्रश्न म्हणून धारदार असलेलं वाक्य संशोधनातलं माप म्हणून टिकेलच असं नाही. मी माझ्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात याच वाक्याने केली होती. गाईडनी फक्त एवढंच विचारलं, “भाजक कुठला?” मला उत्तर देता आलं नाही.

आता तुम्हीच बघा. पहिली गोष्ट, वाढ ०.१ टक्का नसून ०.१ टक्का-बिंदू आहे. भाजक, म्हणजे एकूण पिकाखालचं क्षेत्र वाढलं, तर सिंचन वाढूनही वाटा तिथेच राहू शकतो. दुसरी, या आकड्यात विहिरींचं पाणीही येतं. खर्च मात्र मुख्यतः धरणं-कालव्यांचा. तिसरी, श्वेतपत्रिकेचा भर ‘निर्माण झालेल्या सिंचनक्षमते’वर होता, तर टीकाकार प्रत्यक्ष भिजलेलं रान मोजत होते. दोघे भांडत होते, पण वेगवेगळ्या गोष्टींवर. चौथी, अर्धवट धरणावर आज झालेला खर्च आज पाणी देत नाही. त्यामुळे हे गुणोत्तर उधळपट्टी आणि अपूर्ण काम यांत फरकच करू शकत नाही.

मग काय मोजायचं? बरेच जण निविदेकडे वळतात : अंदाजपत्रक १०० रुपयांचं, निविदा ९५ ला गेली, म्हणजे ५ टक्के बचत. हे माप तर त्याहून फसवं. काम सुरू झाल्यावर जादा बाबी निघतात, क्लॉज ३८ खाली वाढीव परिमाणाचं बिल येतं, मग ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. शेवटी १५५ रुपये जातात आणि आपल्या तक्त्यात मात्र ५ टक्के बचतच राहते!

यवतमाळचंच उदाहरण घ्या. निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा किंमत सुमारे १,४०० कोटी होती; २००९ मध्ये ती १०,४०० कोटींच्या घरात गेली. सात पटींहून जास्त. याच काळात घाऊक किमतींचा निर्देशांक दुपटीच्याही आत राहिला. म्हणजे महागाई वजा केली तरी मोठं अंतर उरतं. ‘हाच भ्रष्टाचार’ असं लगेच लिहू नका. त्या अंतरात भूसंपादन, संकल्पचित्रातले बदल, वाढलेली व्याप्ती आणि फुगवलेले दर, सगळं असू शकतं. ते सुटं सुटं करणं हेच आपलं काम.

डीईए वापरणाऱ्यांनाही एक सांगतो. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही पद्धत जिल्ह्यांची आपसांत तुलना करते. सगळेच ढिले असतील, तर त्यातल्या त्यात बऱ्याला १ गुण मिळतो. शिवाय यवतमाळच्या काळ्या, फुगणाऱ्या मातीतून कालवा न्यायचा तर अस्तराखाली न फुगणाऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. मुरमाड भागातल्या कालव्याशी त्याची रुपयाला रुपया तुलना केली, की यवतमाळ ‘अकार्यक्षम’ ठरणारच.

आणि इथेच खरा धोका आहे. १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला, त्यात सिंचनाचा वाटा सगळ्यांत मोठा होता. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी होते, त्यातही निम्म्याहून जास्त सिंचनासाठी. यवतमाळ त्या सहांत होतं. आता ढोबळ माप वापरून कोणी म्हणालं, ‘इथे पैसा वाया जातो, इथे देऊ नका’, तर शिक्षा कोणाला? बिल फुगवणाऱ्याला नाही. बेंबळाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला कपाशी घेऊन बसलेल्या माणसाला.

म्हणून जिल्ह्याची बेरीज करण्याआधी एकेका निविदेपाशी जा. चार रकाने आखा : बोली किती आल्या, मूळ आणि अंतिम किंमत, महागाई वजा करून, ठरलेली आणि प्रत्यक्ष मुदत, आणि टोकाच्या चारीला पाणी पोचलं का. शेवटचा रकाना कार्यालयात बसून भरता येत नाही, त्यासाठी गावात जावं लागतं. माझ्या तक्त्यात सगळ्यांत जास्त रिकामी घरं त्याच रकान्यात आहेत. ती भरल्याशिवाय ‘कार्यक्षमता’ हा शब्द मी प्रबंधाच्या शीर्षकात घालणार नाही.