गुलामाचा विश्वास : अर्सुला ल ग्विन यांची ‘पॉवर्स’

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांकडे आपले अभ्यासक सहसा वळत नाहीत. चमत्कारांवर उभ्या असलेल्या वाङ्मयाशी बुद्धिवादी वाचकाला काय कर्तव्य, असा त्यामागचा भाव असतो व तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विन (१९२९-२०१८) यांची ‘पॉवर्स’ ही २००७ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी या कारणास्तव बाजूस सारता येत नाही. कारण तिचा नायक गुलाम आहे आणि गुलामाचे मन कसे घडविले जाते हाच तिचा खरा विषय आहे. ‘गिफ्ट्स’ (२००४) व ‘व्हॉइसेस’ (२००६) यांच्यानंतरचा हा त्रयीतील शेवटचा भाग असला, तरी तो स्वतंत्रपणे वाचता येतो. २००८ या वर्षाचा नेब्युला पुरस्कारही त्यास लाभला.

गाविर व त्याची थोरली बहीण सॅलो यांना अगदी लहानपणी दलदलीच्या प्रदेशातून पळवून आणून एत्रा नगरातील अर्कामांड या धनिक घराण्यात गुलाम म्हणून ठेवले आहे. त्यांचे हाल होत नाहीत. पोटभर अन्न मिळते, मालकांच्या मुलांबरोबर एकाच शाळेत शिक्षण मिळते. गाविरची स्मरणशक्ती विलक्षण. म्हणून स्वतः गुलाम असलेल्या एवेरा या शिक्षकानंतर त्याची जागा गाविरने घ्यावयाची, हेही ठरलेले. गाविर या घरावर मनापासून विश्वास ठेवतो. मालकाचा मुलगा तोर्म रागाच्या भरात मिव नावाच्या एका गुलाम बालकाला मारतो, ते बालक दगावते. तरीही तो विश्वास तुटत नाही. अन्यायाचे समर्थन शोधण्याचे काम गाविर स्वतःच करतो आणि त्यासाठी लागणारी भाषा त्याला त्याच्या शिक्षणानेच पुरविलेली असते. कादंबरीचा हा पूर्वार्ध असामान्य आहे.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या गुलामगिरी व अस्पृश्यता यांच्या तुलनेची आठवण होणे अपरिहार्य आहे. रोममधील गुलाम शिक्षक, ग्रंथपाल, लेखनिक होऊ शकत असत, कारण गुलाम ही मालकाची मालमत्ता होती व तिचे मोल वाढविण्यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्याच्या बाबतीत कोणावरच तशी जबाबदारी नव्हती, हे त्यांनी दाखवून दिले. उघड गुलामगिरीत गुलामाला आपल्या स्थितीची निदान जाणीव तरी असते, असेही त्यांचे प्रतिपादन होते. गाविर या दुसऱ्या मुद्द्याला एक वेगळीच बाजू जोडतो. तो उघडउघड गुलाम आहे, शिकलेला आहे, आणि तरीही त्याला जाणीव नाही. शिक्षण कोणी दिले आणि कशासाठी दिले, हा प्रश्न लेखिकेने कोठेही प्रवचन न झोडता वाचकापुढे ठेवला आहे.

पुढे सॅलो ज्याच्या स्वाधीन केली गेली आहे तो थोरला मुलगा यावेन दूर असताना तोर्म तिला घेऊन जातो आणि परत येते ते तिचे बुडालेले प्रेत. मालकीण गाविरच्या हाती पैशांची थैली ठेवते. शोकाने बधिर झालेला गाविर ती घेऊन नगराबाहेर चालू लागतो. पळून जाण्याचा निश्चय नाही, बंडाची घोषणा नाही. तो केवळ चालत राहतो. या कादंबरीतील सर्वांत प्रभावी पाने हीच होत.

आमचे मन साशंक होते ते यानंतर. अरण्यात पळालेल्या गुलामांनी वसविलेले एक नगर आहे. त्यांचा नायक बार्ना सर्व गुलामांच्या उठावाची स्वप्ने पाहतो. पण त्याच्या राज्यात स्त्रिया मात्र धाडी घालून आणल्या जातात व पुरुषांत वाटल्या जातात. मुक्तीची भाषा बोलणाऱ्यांनी स्त्रीला दासीच ठेवावे, ही टीका रास्त आहे, आणि कोणत्याही चळवळीने ती कान देऊन ऐकावी. पण गुलामांचा दुसरा कोणताही संघटित प्रयत्न कादंबरी उभाच करीत नाही. जो एक आहे तो नैतिकदृष्ट्या किडलेला दाखवावयाचा आणि सैनिकांकरवी जाळून टाकावयाचा, यामुळे कुमार वाचकाच्या मनावर संघटनेविषयीच अविश्वास ठसण्याचा संभव आहे. एत्रामध्ये कास्प्रो या कवीची स्वातंत्र्याची कविता चोरून वाचणारे काही गुलाम भेटतात. त्यांच्यात एका वेगळ्या चळवळीचे बीज होते. लेखिकेने ते रुजू दिले नाही.

दुसरी अडचण नायकाच्या ‘शक्ती’ची. घडावयाच्या गोष्टी गाविरला आधीच दिसतात आणि ही देणगी दलदलीतील त्याच्या लोकांत जन्मानेच येते. जन्मावरून माणसाचे सामर्थ्य ठरविणे आम्हांस मुळातच अमान्य आहे. वसलसुत्ताच्या वाचकाला हे सांगावयास नको. परंतु लेखिकेच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. या भविष्यदर्शनाने कथेत काहीही साधत नाही. स्वजनांत परतल्यावर तेथील द्रष्टा गाविरला औषधी देऊन त्याच्याकडून दृश्ये वदवून घेऊ पाहतो, तेव्हा तो पुन्हा एकदा दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तूच ठरतो, आणि तेथूनही निघून जातो. त्याला तारते ती दुसरी शक्ती, पाठ केलेल्या ग्रंथांची, अभ्यासाने कमावलेली. स्मृती हा शब्द आपल्याकडे मनूच्या ग्रंथालाही लागतो आणि सम्यक् स्मृतीलाही. गाविरचा प्रवास काहीसा पहिलीकडून दुसरीकडे झाला आहे, असे म्हणण्याचा मोह होतो.

शेवट मात्र सोपा झाला आहे. पाठलागावर आलेला होबी हाही अर्कामांडचाच गुलाम. गुलामाने गुलामाचा द्वेष करावा, यामागील कारणे शोधण्याजोगी होती. लेखिका त्याला नदीच्या प्रवाहात वाहून जाऊ देते आणि मोकळी होते. गाविर एका लहान मुलीला खांद्यावर घेऊन पलीकडच्या तीरावर पोहोचतो, विद्यापीठाच्या मेसून नगरीत कास्प्रोच्या दारी त्याला आश्रय मिळतो. ग्रंथ व गुरू लाभल्याचा त्याचा आनंद आपल्यालाही स्पर्शून जातो. आमच्या विहारांच्या ग्रंथालयांत ही कादंबरी ठेवावी आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींशी तीवर चर्चा करावी, असे आमचे मत आहे. चर्चेचा आरंभ अर्कामांडच्या शाळेतील बाकांपासून करावा. तेथे मागे राहिलेल्या गुलाम मुलांचे पुढे काय झाले, हे कादंबरी सांगत नाही.